टीव्ही एक, कन्सोल सहा: स्विच बॉक्स घेताना नक्की काय बघायचं

टीव्हीच्या मागं अर्धं अंग घालून, मोबाईलचा टॉर्च दातात धरून, आत्ता काढलेली पिवळी पिन सुपर निन्टेन्डोची होती का सेगाची हे ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. एक गेम कन्सोल असतो तोवर प्रश्नच नसतो, दोन असले तरी माणूस कसंबसं भागवतो, तिसरा आला की स्विच बॉक्स लागतोच, म्हणजे सगळे कन्सोल आत जोडून त्यातला एकच टीव्हीला पुढं देणारा डबा. आणि मग आपण काय करतो, तर ज्याला सगळ्यात जास्त भोकं आहेत तो बॉक्स मागवतो.

मी पण तेच केलं होतं. आठ इनपुट, प्रत्येकाला पिवळा-पांढरा-लाल आणि वर एस-व्हिडिओचं (पिवळ्या पिनपेक्षा स्वच्छ चित्र देणारा जुना सिग्नल) गोल सॉकेट, म्हटलं चला आयुष्याची सोय झाली. सुपर निन्टेन्डो एस-व्हिडिओनं जोडला, सेगाचा मेगा ड्राइव्ह पिवळ्या पिननं जोडला, बॉक्समधून टीव्हीला एकच पिवळी केबल नेली. मेगा ड्राइव्ह मस्त चालला. सुपर निन्टेन्डो दाबला तर आवाज येतोय पण स्क्रीन काळी. अर्धा तास मी कन्सोल मेला समजून कार्ट्रिज फुंकत बसलो, केबल बदलली, ॲडॉप्टर बदलला, आणि मग डोक्यात उजेड पडला की हा बॉक्स काही रूपांतर वगैरे करत नाही. एस-व्हिडिओतून आत गेलेलं एस-व्हिडिओतूनच बाहेर येणार, पिवळ्यातून गेलेलं पिवळ्यातूनच. टीव्हीपर्यंत मला दोन्ही केबल न्यायला हव्या होत्या आणि प्रत्येक वेळी रिमोटवरून इनपुट बदलायला हवा होता, म्हणजे निम्मी कटकट तशीच.

तर स्विच बॉक्स हा फक्त खटका आहे हे आधी डोक्यात पक्कं बसवा. तो चित्र सुधारत नाही, एका प्रकारचा सिग्नल दुसऱ्यात बदलत नाही, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. चांगल्या बॉक्सचं काम एवढंच की आत आलेला सिग्नल न बिघडवता पुढं द्यायचा. म्हणून बॉक्स शोधायच्या आधी एक कागद घ्या आणि त्यावर आपला प्रत्येक कन्सोल, तो जास्तीत जास्त चांगला कुठला सिग्नल देतो, आणि आपल्या टीव्हीला किंवा स्केलरला (जुना सिग्नल नव्या टीव्हीला पचेल असा करून देणारं यंत्र) काय काय लागतं, हे लिहून काढा. बॉक्स त्या कागदावरून ठरतो, भोकांच्या संख्येवरून नाही.

आता कुठला कन्सोल काय देतो. जपानचा मूळ १९८३ चा फॅमिकॉम फक्त आरएफ देतो, म्हणजे अँटेनाची वायर, त्याला मॉड करत नाही, म्हणजे उघडून आत बदल करत नाही, तोवर तो या गप्पांच्या बाहेरच ठेवा. समोरून कार्ट्रिज घालायचा एनईएस पिवळी पिन म्हणजे कॉम्पोझिट देतो, बास. मेगा ड्राइव्ह गंमतीशीर आहे, कॉम्पोझिट देतो आणि थेट आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या वायरींतून) देतो पण मधला एस-व्हिडिओ देतच नाही, त्यामुळं एस-व्हिडिओचा बॉक्स घेऊन सगळं त्यावर आणू म्हणणाऱ्यांचं घोडं इथंच पेंड खातं. मूळ सुपर निन्टेन्डो तिन्ही देतो, पण १९९७ चं जे छोटं मॉडेल आलं त्यातून एस-व्हिडिओ आणि आरजीबी काढून टाकलं होतं, त्यामुळं आपल्याकडं कुठलं आहे ते बघून घ्या. निन्टेन्डो ६४ ला एस-व्हिडिओवर छान दिसतं, आरजीबी हवं असेल तर आत सोल्डरिंग आलं. पहिला प्लेस्टेशन आणि सॅटर्न कॉम्पोझिट, एस-व्हिडिओ, आरजीबी सगळं देतात, बिनघोर कन्सोल. प्लेस्टेशन २, पहिला एक्सबॉक्स आणि निन्टेन्डोचा वी या मंडळींना कॉम्पोनंट द्या, हिरवा-निळा-लाल व्हिडिओ आणि पांढरा-लाल आवाज. प्लेस्टेशन २ ला सिस्टीमच्या मेनूत जाऊन कॉम्पोनंट का आरजीबी ते सांगावं लागतं, ते चुकलं की रंग असे काही दिसतात की माणूस नव्या बॉक्सला शिव्या घालतो आणि बॉक्स बिचारा निर्दोष असतो. ड्रीमकास्टचं सगळ्यात भारी चित्र व्हीजीए मधून येतं. गेमक्यूबच्या सुरुवातीच्या मॉडेलला मागं वेगळा डिजिटल पोर्ट होता आणि कॉम्पोनंट त्यातूनच यायचं, २००४ पासूनच्या मॉडेलमध्ये तो पोर्टच गायब केला, तेव्हा मागं वाकून बघा आणि मगच स्वप्नं बघा.

कागदाच्या दुसऱ्या बाजूला टीव्ही. जुना ट्यूबवाला टीव्ही असेल तर मागं जे सॉकेट आहे तेच सत्य, युरोपातल्या सेटवर बहुधा स्कार्ट (एक रुंद कनेक्टर, त्यावर पुढं बोलू), अमेरिकेतल्या सेटवर कॉम्पोझिट, एस-व्हिडिओ आणि नंतरच्यांवर कॉम्पोनंट. नवा फ्लॅट टीव्ही असेल तर एस-व्हिडिओ गेलेलाच असतो, कॉम्पोनंट पण बऱ्याच सेटवरून गेलंय, आणि जे काही उरलंय त्यावर जुन्या कन्सोलचा २४०पी म्हणजे २४० ओळींचा सिग्नल आला की बरेच टीव्ही त्याला ४८०आय म्हणजे एकाआड एक गुंफायच्या ४८० ओळी समजून नसलेल्या ओळी गुंफायला बसतात, मग स्प्राइटच्या (गेममधल्या हलत्या आकृत्यांच्या) कडा फाटतात आणि बटण दाबल्यावर उडी उशिरा. म्हणून फ्लॅट टीव्हीवाले मधे स्केलर लावतात, ओएसएससी म्हणा, रेट्रोटिंक म्हणा. आणि स्केलर आला की तुमचा बॉक्स टीव्हीसाठी नसून स्केलरसाठी असतो, म्हणजे क्रम असा की सगळे कन्सोल, मग स्विच, मग एकच स्केलर, मग टीव्ही. प्रत्येक कन्सोलला वेगळा स्वस्तातला एचडीएमआय कन्व्हर्टर लावून पुढं एचडीएमआय स्विच लावणारे लोक मी बघितलेत, दिसायला नीटनेटकं दिसतं, पण त्यातले बहुतेक कन्व्हर्टर तीच २४०पी ची चूक करतात आणि वरून चित्र ताणून १६:९ करतात. मारिओ जाड दिसायला लागतो. नकोच.

यातून एक गोष्ट आपोआप निघते जी मला फार उशिरा कळली, एक मोठा सर्वगुणसंपन्न बॉक्स शोधण्यापेक्षा प्रकारानुसार दोन छोटे बॉक्स घेणं जास्त सोपं पडतं. स्केलरला स्कार्ट आणि कॉम्पोनंट असे वेगळे इनपुट असतील (रेट्रोटिंक ५एक्स ला आहेत) तर आरजीबी वाले सगळे एका स्कार्ट स्विचवर, कॉम्पोनंट वाले दुसऱ्या स्विचवर, आणि उरलासुरला एखादा एस-व्हिडिओ थेट. काही बिघडलं तर कुठं बिघडलं हे पण लगेच सापडतं.

आता खटक्याकडं येऊ. बॉक्स दोन जातीचे, पॅसिव्ह आणि ॲक्टिव्ह. पॅसिव्ह म्हणजे ज्याला वीज लागत नाही, बटण दाबलं की आतल्या पत्र्या एकमेकांना टेकतात आणि सिग्नल पुढं जातो, खट्ट. ॲक्टिव्हला ॲडॉप्टर असतो आणि आत चिप असते जी सिग्नल घेऊन नव्यानं पुढं ढकलते. लोक म्हणतात ॲक्टिव्ह नेहमी चांगला, मला तसं वाटत नाही. कॉम्पोझिट आणि एस-व्हिडिओसाठी, केबल दोन-दोन मीटरच्या असतील तर, नीट बनवलेला साधा खटक्याचा बॉक्स पुरून उरतो आणि त्यात बिघडण्यासारखं काही नसतं. उलट ॲक्टिव्हमध्ये आतला फिल्टर कशासाठी केलाय ते बघावं लागतं, २४०पी आणि ४८०आय साठी बनवलेल्या फिल्टरमधून ४८०पी (न गुंफलेल्या ४८० ओळी) पाठवलं की चित्र थोडं मऊ होतं, कारण त्याला साधारण दुप्पट बँडविड्थ लागते. ४८०पी किंवा एक्सबॉक्सचं ७२०पी त्यातून न्यायचं असेल तर विकणाऱ्यानं तसं स्पष्ट लिहिलेलं हवं. मेकॅनिकल बॉक्स कशालाच अडवत नाही.

लॅगचा, म्हणजे बटण दाबल्यावर चित्रात उशीर होण्याचा, प्रश्न सगळे विचारतात म्हणून सांगतो, पॅसिव्ह असो वा ॲक्टिव्ह, ॲनालॉग स्विचनं लॅग येत नाही. त्यात फ्रेम साठवायला जागाच नसते. लॅग आणतो तो टीव्ही किंवा कन्व्हर्टर.

एक जुगाड जो उपयोगी आहे. पिवळा, पांढरा, लाल हे आरसीए जॅक आतून सारखेच असतात, रंग फक्त आपल्या डोळ्यांसाठी. म्हणजे तीन जॅकवाला साधा पॅसिव्ह एव्ही बॉक्स कॉम्पोनंटच्या हिरव्या-निळ्या-लालसाठी चालतो, फक्त मग आवाजाला जागा उरत नाही, त्यासाठी दुसरा तसाच बॉक्स घ्यावा लागतो आणि गेम बदलताना दोन बटणं दाबावी लागतात. मी दोन वर्षं असंच चालवलं, दोन्ही बॉक्स एकावर एक चिकटवून. ॲक्टिव्ह बॉक्सवर हा प्रयोग नको, तिथं व्हिडिओची आणि आवाजाची वाट वेगवेगळी असते.

आणि एक जुगाड जो अजिबात करू नका तो म्हणजे वाय केबल, दोन कन्सोल एका पिनला जोडायचे आणि जो चालू तो दिसेल अशी आशा करायची. व्हिडिओची सगळी व्यवस्था ७५ ओहमच्या हिशोबावर उभी आहे, कन्सोलच्या बाजूला ७५ आणि टीव्हीच्या बाजूला ७५. तुम्ही एकच सिग्नल दोन टीव्हींना वाटला की लोड निम्मा होतो आणि एक व्होल्टचा सिग्नल साधारण ०.६७ व्होल्टवर येतो, चित्र अंधारं. बंद पडलेला दुसरा कन्सोल त्याच वायरवर लटकत असला तरी तो पण सिग्नल ओढतोच. काही स्वस्त बॉक्स आतून जवळपास अशीच वाय केबल असतात हे वाईट, उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. त्याची खूण म्हणजे एक कन्सोल लावलेला असताना चित्र झकास आणि बाकीच्या केबल जोडल्या की फिकं.

दुसरा आजार भुताचा. तुम्ही सॅटर्न खेळताय, शेजारच्या इनपुटवर प्लेस्टेशन चालू राहिलाय, आणि सॅटर्नच्या चित्रावर मागं अंधुक पट्ट्या सरकताना दिसतात. शेजारच्या वायरीतून सिग्नल गळतो त्याचा हा प्रकार. याला सोपा उपाय म्हणजे न खेळायचा कन्सोल बंद करणं, जे तसंही करायला हवं, पण चांगल्या बॉक्सनं हे होऊ देऊ नये. आवाजातली घरघर पण याच कुळातली, चित्र पांढरं झालं की गुणगुण वाढते, मेनू काळा झाला की थांबते, म्हणजे व्हिडिओ ऑडिओच्या वायरीत घुसतोय. यात निम्म्या वेळा दोष बॉक्सचा नसतो, बिनशील्डच्या केबलचा असतो. भारी बॉक्सला फुकटातली केबल लावायची आणि मग चित्र खराब म्हणायचं याला अर्थ नाही.

स्कार्टवर जरा थांबतो कारण खरा खड्डा इथं आहे. फ्रान्समधून आलेला हा २१ पिनचा रुंद कनेक्टर, त्यातून आरजीबी, सिंक (चित्राची ओळ कुठं सुरू होते ते टीव्हीला सांगणारा सिग्नल), स्टिरिओ आवाज सगळं एका केबलमधून जातं आणि म्हणूनच रेट्रोवाल्यांना तो आवडतो. पण दुकानात मिळणारे कित्येक स्कार्ट बॉक्स हे व्हीसीआर आणि सेट टॉप बॉक्सच्या जमान्यातले, त्यात सगळ्या पिना जोडलेल्याच नसतात. काहींत फक्त एकाच इनपुटवर आरजीबी असतं, बाकीच्यांवर नुसतं कॉम्पोझिट. तेव्हा सगळ्या इनपुटवर आरजीबी जातं हे लिहिलेलं बघा. मल्टीमीटर असेल तर ७, ११, १५ या पिना, म्हणजे निळा, हिरवा, लाल, आणि २० नंबरची सिंकची पिन इनपुटपासून आउटपुटपर्यंत वाजते का ते तपासा, पॅसिव्ह बॉक्सला पाच मिनिटांचं काम. ८ आणि १६ पण बघा, ८ वरचा व्होल्टेज टीव्हीला सांगतो की एव्हीवर ये, १६ वरचा सांगतो की हे आरजीबी आहे. ते पुढं गेलं नाही तर ट्यूबवाला टीव्ही मख्खासारखा आरजीबीकडं दुर्लक्ष करून सिंकच्या वायरीवरचं कॉम्पोझिटच दाखवत बसतो आणि तुम्हाला वाटतं आरजीबी काही फार वेगळं दिसत नाही बुवा.

मग सिंक. आरजीबी केबलमध्ये सिंक तीन प्रकारे येऊ शकतो, कॉम्पोझिट व्हिडिओवरून, लुमावरून (चित्राचा नुसता उजेडाचा भाग) किंवा निव्वळ सिंक ज्याला सीसिंक म्हणतात. सीसिंक सगळ्यात स्वच्छ, पण तो काही कन्सोलमधून टीटीएल लेव्हलला बाहेर पडतो, म्हणजे कित्येक व्होल्ट, आणि टीव्ही, स्केलर अपेक्षा करतात एक व्होल्टच्या आतल्या सिग्नलची. केबलमध्ये योग्य रेझिस्टर असेल तर ठीक, नसेल तर तो जास्तीचा व्होल्टेज रोज तुमच्या स्विचच्या चिपवर आणि स्केलरवर आदळतो. म्हणून सगळ्या केबल एकाच प्रकारच्या सिंकच्या घ्या, आणि विकणाऱ्याला सरळ विचारा की हा सिंक ७५ ओहम लेव्हलचा आहे का. आणि जपानी कनेक्टर दिसायला हुबेहूब स्कार्टच, त्याला जेपी२१ म्हणतात, पण आतल्या पिनांचा क्रम वेगळा. तो स्कार्टच्या बॉक्समध्ये आरामात बसतो आणि तिथंच घात होतो, आवाजाच्या जागी व्हिडिओ आणि नको तिथं व्होल्टेज जाऊन काहीतरी जळू शकतं. एका बॉक्सवर दोन्ही जातीच्या केबल कधीच नको, जपानी केबल असेल तर त्यावर ठळक खूण करा.

ऑटो स्विच घ्यावा का बटणाचा? ऑटोची मजा आहे, कन्सोल चालू केला की बॉक्स आपोआप त्याच्याकडं वळतो. रेट्रो मंडळींनी खास रेट्रो कन्सोलसाठी बनवलेले जीस्कार्ट आणि कॉम्पोनंटसाठी जीकॉम्प सारखे आठ इनपुटचे ऑटो स्विच आहेत आणि ते खरंच चांगले आहेत, सिग्नल आहे का ते बघून वळतात. गोंधळ होतो तो ८ नंबरच्या पिनवरचा व्होल्टेज बघून वळणाऱ्या साध्या बॉक्समध्ये, कारण सगळ्या कन्सोलच्या केबलमध्ये तो व्होल्टेज नसतोच, मग बॉक्स ढिम्म. दोन कन्सोल एकदम चालू राहिले तर कोण जिंकतो हे पण आधी वाचून घ्या. ऑटो घेतलात तरी हातानं निवडायचं बटण असलेला घ्या. घरात लहान मुलं असतील आणि ती खेळणार असतील तर ऑटो, तुम्ही एकटेच खेळणार असाल तर बटण, माझं मत.

ज्यांच्याकडं दहा-बारा कन्सोल आहेत आणि कप्पा मजबूत आहे त्यांनी एक्स्ट्रॉनचा क्रॉसपॉइंट बघावा. ऑफिस आणि सभागृहांतून निघालेला माल, सेकंडहँड मिळतो, बीएनसी (फिरवून अडकवायचे गोल) कनेक्टर, बांधणी दणकट. हा मॅट्रिक्स आहे म्हणजे कुठलाही इनपुट कुठल्याही आउटपुटला, एकाच वेळी ट्यूबच्या टीव्हीवर पण आणि रेकॉर्डिंगला पण, आणि इथं चित्र अंधारं होत नाही कारण प्रत्येक आउटपुटला स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो. पण बीएनसीच्या केबलचं जंगल होतं, आणि आउटपुटवरचा सिंक जास्त व्होल्टेजचा येऊ शकतो, त्यामुळं स्कार्टला परत जाताना रेझिस्टर असलेलीच केबल लागते. पहिलाच बॉक्स म्हणून नको.

एचडीएमआयवाल्यांसाठी थोडक्यात. प्लेस्टेशन ३ वगैरे जोडायचे असतील तर स्विचमध्ये एचडीसीपी (कॉपी रोखणारं कुलूप) चालतं का बघा, आणि ॲडॉप्टरवाला घ्या, बिनविजेच्या छोट्या ठोकळ्यांवर लांब केबल असली की चित्र येतं-जातं. स्लीपमधला कन्सोल पोर्टवर पाच व्होल्ट देत राहिला तर ऑटो स्विच त्याच्याकडंच चिकटून बसतो, हा त्यांचा ठरलेला चावटपणा.

बारीक गोष्टी ज्या घेताना आठवत नाहीत. लाइट गन (स्क्रीनवर नेम धरायची बंदूक) असेल तर ती फक्त ट्यूबच्या टीव्हीवर चालते आणि प्लेस्टेशनच्या गनकॉन या गनला तर पिवळा व्हिडिओ वेगळा लागतो, म्हणून त्या कन्सोलच्या केबलमध्ये पिवळी पिन बाहेर काढलेली हवी. मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलला मागच्या पोर्टवर आवाज मोनो असतो, स्टिरिओ समोरच्या हेडफोनच्या जॅकमधून घ्यावा लागतो, त्याची वायर बॉक्सपर्यंत पोचते का बघा. इनपुट मोजताना आज आहेत त्यापेक्षा दोन जास्त धरा, कारण तुम्ही स्वतःला ओळखता. आणि हलका प्लॅस्टिकचा बॉक्स घेतलात तर सहा स्कार्ट केबलच्या वजनानं तो कप्प्यावरून मागं लोंबकळतो, खालून दुहेरी टेप लावा नाहीतर सॉकेट सैल होतात.

बॉक्स आला की लगेच सगळं जोडून बसू नका. २४०पी टेस्ट सूट नावाचं आर्टेमिओ उर्बिना यांनी बनवलेलं मोफत सॉफ्टवेअर बऱ्याच जुन्या कन्सोलवर चालतं, फ्लॅश कार्ट (मेमरी कार्ड घालायचं कार्ट्रिज) किंवा डिस्कवरून लावता येतं. आधी कन्सोल थेट टीव्हीला लावून रंगपट्ट्या, ग्रिड आणि पूर्ण पांढरी स्क्रीन बघा, मोबाईलवर फोटो काढा, एक्स्पोजर लॉक करून, नाहीतर मोबाईल स्वतःच उजेड सारखा करून टाकतो. मग तेच बॉक्समधून बघा. मग शेजारच्या इनपुटवर दुसरा कन्सोल चालू करून पांढऱ्या स्क्रीनवर भूत सरकतंय का बघा, आवाज वाढवून घरघर ऐका. हे प्रत्येक इनपुटवर करा, एकावर नाही, कारण माझ्या एका सेकंडहँड बॉक्सचा पाचवा इनपुटच तेवढा लाल रंग खात होता आणि मी त्यावर गेमक्यूब लावून महिनाभर कन्सोललाच दोष देत होतो. जुन्या खटक्याच्या बॉक्समध्ये असं असलं तर आधी प्रत्येक बटण वीस-तीस वेळा दाबा, गंज घासला जातो, नाही सुधारलं तर वीज काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, बहुतेक वेळा तेवढ्यानं जिवंत होतो.

केबल काढताना-घालताना कन्सोल बंद असू द्या. आणि सगळं जोडून झालं की प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना कागदी टेप लावून नाव लिहा, फक्त बॉक्सच्या बाजूला नाही, कारण उलट्या टोकाकडून शोधायची वेळ नेमकी रात्री येते आणि तेव्हा टॉर्च परत दातात असतो.